राखणीची कुत्री, तिची शस्त्रक्रिया आणि कमरेतील भूल
(पालघर तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या अधिव्याख्यात्यांनी केलेले भाषण)



भाताची रोपवाटिका, तणांचे नियंत्रण, खतांच्या मात्रा हे माझे शिकविण्याचे विषय. आज मात्र मी आपल्याशी राखणीच्या कुत्रीवर करावयाच्या संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेविषयी आणि त्या वेळी दिल्या जाणाऱ्या भुलीविषयी बोलणार आहे. शस्त्रक्रिया करणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. पण कुत्रीला दवाखान्यात न्यावयाचे की नाही, हे ठरविणारे आपण आहात. गावोगावी फिरताना एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येते : "साहेब, कमरेत सुई टोचली की कुत्री मागच्या पायांनी लुळी पडते. मग वाडीची राखण कोण करणार?" या भीतीपोटी अनेक घरांत शस्त्रक्रिया टाळली जाते. ही भीती कितपत खरी आहे, हे आज पाहू.

राखण हवी, पण पिल्ले किती?

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात कुत्र्याशिवाय घर क्वचितच सापडेल. खळ्यावरचे भात, वाडीतील भाजीपाला, कोंबड्या, शेळ्या यांची राखण तोच करतो. रानडुकरे शेतात उतरली की प्रथम तोच भुंकतो. तेव्हा कुत्रे पाळू नका असे मी मुळीच म्हणणार नाही.

अडचण पिल्लांची आहे. कुत्री साधारणपणे सहा महिने ते एक वर्षाच्या वयात प्रथम माजावर येते आणि पुढे बहुधा वर्षातून दोनदा येते. गाभणकाळ फक्त ६३ दिवसांच्या आसपास असतो. एका वेतात चार ते आठ पिल्ले होतात. घरात त्यातले एखादे ठेवले जाते. बाकीची बाजारात, रेल्वे स्थानकाजवळ किंवा औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर सोडली जातात. बरीच मरतात. जी जगतात ती खाणावळींच्या उकिरड्यावर, कोंबडीच्या दुकानांच्या घाणीवर आणि सातपाटीसारख्या बंदरांवरील मासळीच्या टाकाऊ भागावर वाढतात. बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्राभोवती वस्ती दाट झाली, तसे असे आयते खाद्यही वाढले. या कुत्र्यांना ना मालक, ना लस. रात्री तीच आपल्या पाड्यावर येतात आणि आपल्या वासराला चावतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी बिबट्याच्या खाद्याचा अभ्यास केला. त्यात सर्वांत मोठा वाटा गावातील कुत्र्यांचा आढळला. गावात मोकाट कुत्री वाढणे म्हणजे बिबट्याला गावाजवळ जेवण वाढून ठेवणे होय.

तण आपण केव्हा काढतो? बी धरण्यापूर्वी. बी पडल्यावर काढलेले तण पुढच्या हंगामात दसपटीने उगवते. येथेही तोच नियम आहे. मोकाट पिल्ले पकडत बसण्यापेक्षा आपल्या दारातील कुत्रीची शस्त्रक्रिया वेळेवर करून घेणे स्वस्त पडते.

शस्त्रक्रिया केव्हा करावी?

कुत्र्यांचा हंगाम कोणता, हे आपल्या भाषेनेच सांगून ठेवले आहे. भाद्रपदातील कुत्री म्हटले की प्रत्येकाला कळते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येणाऱ्या कुत्र्यांची संख्या वाढते आणि हिवाळ्याच्या तोंडावर गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो भाद्रपदापूर्वी करून घ्यावी. आपल्या भागात भाताची रोपे टाकण्यापूर्वीचा काळ, म्हणजे एप्रिल ते मे, त्यास सोयीचा आहे. त्या वेळी शेतीची घाई नसते, जमीन कोरडी असते आणि जखम चिघळण्याचा धोका कमी असतो. उन्हाळा असल्याने कुत्रीला सकाळी लवकर न्यावे. हा काळ हुकला तर भातकापणीनंतर न्यावे.

पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झाल्यास पुढे सडांच्या गाठी होण्याचे प्रमाण कमी राहते. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो, कारण या शस्त्रक्रियेत दोन्ही बीजांडे आणि गर्भाशय काढून टाकले जाते. माजावर असलेल्या कुत्रीच्या गर्भाशयाकडील रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव अधिक होतो. त्यामुळे कुत्री माजावर असेल तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे. बहुधा ते काही आठवडे थांबण्यास सांगतील.

कमरेतील भूल म्हणजे काय?

ही भूल आपल्याला अगदीच अनोळखी नाही. गाय अडली किंवा म्हशीचे मायांग बाहेर पडले की पशुवैद्यक शेपटीच्या मुळाशी, शेपटी वरखाली करून सांधा शोधतात आणि तेथे सुई देतात. थोड्या वेळात शेपटी लुळी पडते, जनावर कुंथणे थांबविते आणि डॉक्टरांना काम करता येते. दोन-तीन तासांत शेपटी पुन्हा हलू लागते. त्या सुईने गाय अधू झाली असे आपण म्हणत नाही.

आपल्या माताभगिनींनाही ही भूल ठाऊक आहे. सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई देतात. कमरेखालचा भाग सुन्न होतो, बाई जागी राहते, बाळाचे रडणे ऐकते. काही तासांनी पाय पूर्ववत हलू लागतात.

पाठीच्या मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. त्याच्याभोवती आवरणे असतात आणि आत पाण्यासारखा द्रव असतो. त्यातून निघणाऱ्या नसा शरीराला संवेदना आणि हालचाल देतात. औषध आवरणाच्या बाहेर सोडले तर त्यास एपिड्युरल भूल म्हणतात. आवरण भेदून आतील द्रवात सोडले तर त्यास स्पायनल भूल म्हणतात. दुसऱ्या प्रकारात औषध बरेच कमी लागते आणि परिणाम लवकर होतो. दोन्हींत लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हाकेन ही औषधे वापरतात. लिग्नोकेनचा परिणाम साधारण एक ते दीड तास टिकतो, ब्युपिव्हाकेनचा त्याहून बराच जास्त.

या भुलीचा इतिहासही कुत्र्यापासूनच सुरू होतो. १८८५ मध्ये न्यूयॉर्क येथील डॉ. जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी एका कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांमध्ये कोकेनचे द्रावण सोडले. काही मिनिटांत मागचे पाय सुन्न झाले आणि नंतर तो कुत्रा पूर्ववत झाला. जर्मनीतील कील येथे डॉ. ऑगस्ट बियर यांनी १८९८ मध्ये माणसावरील शस्त्रक्रियेसाठी ही पद्धत वापरली. आज कोट्यवधी माणसांना तिचा लाभ होतो.

लुळी पडते का?

औषधाचा अंमल असेपर्यंत कुत्री मागच्या पायांवर उभी राहू शकत नाही, हे खरे आहे. याच वेळी मालक तिला पाहतो आणि भीतीची गोष्ट गावभर होते. अंमल उतरला की पाय परत येतात.

कायमचे अधूपण क्वचितच येते. सुईने नसेला इजा झाली, अस्वच्छ सुईमुळे आत जंतू गेले किंवा आत रक्तस्राव होऊन गाठ धरली, तर ते घडू शकते. माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. कुत्र्याचा त्याहून खाली, कमरेच्या सहाव्या-सातव्या मणक्यापर्यंत येतो. म्हणून कुत्र्यात ही सुई बहुधा कमरेचा शेवटचा मणका आणि माकडहाडाकडील त्रिकास्थी यांच्या मधल्या फटीत देतात. तेथे मज्जारज्जूला धक्का लागण्याची शक्यता कमी असते. ही फट बोटांनी चाचपून शोधण्यास सराव लागतो. तेव्हा हे काम पदवीधर पशुवैद्यकानेच, केस कापून, जागा निर्जंतुक करून, नवीन सुईने करावयाचे असते. गावात इंजेक्शने देत फिरणाऱ्या कोणाकडूनही हे करून घेऊ नये.

केवळ कमरेतील भूल पुरेशी आहे का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. याचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, सिझेरियनच्या बाईला "हलू नका" असे सांगता येते, कुत्रीला सांगता येत नाही. कंबर सुन्न असली तरी तिचे डोके, पुढचे पाय आणि भीती जागीच असते. म्हणून गुंगीचे किंवा पूर्ण भुलीचे औषध सोबत द्यावेच लागते.

दुसरे कारण पोटाच्या आतले आहे. कुत्रीची बीजांडे मूत्रपिंडाजवळ, बरीच पुढे असतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या नसा छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यांजवळून निघतात. कमरेत दिलेले औषध तेथपर्यंत पोचले नाही, तर कातडी कापताना कुत्री शांत राहील, पण बीजांड ओढताना तिला वेदना होतील. औषध वाढवून पुढेपर्यंत पोचविले, तर रक्तदाब उतरतो आणि ते अधिकच पुढे गेल्यास श्वासावरही परिणाम होतो. यासाठी अनुभवी डॉक्टर कमरेतील भुलीबरोबर वेदनाशामक देतात, बीजांडाच्या बंधात थोडे लिग्नोकेन सोडतात आणि शिरेतून सलाईन चालू ठेवतात.

मग ही भूल द्यावयाचीच कशाला? कारण तिच्यामुळे पूर्ण भुलीचे औषध कमी लागते, शस्त्रक्रियेनंतरही काही तास वेदना कमी राहतात आणि खर्चही फार वाढत नाही. ज्या दवाखान्यात वायूने भूल देण्याचे यंत्र नाही तेथे तिचा विशेष उपयोग होतो. तरीही प्रत्येक डॉक्टर ती वापरतीलच असे नाही. अनेक ठिकाणी झायलाझिन आणि केटामीन या औषधांवर शस्त्रक्रिया होते. केटामीनमध्ये कुत्रीचे डोळे उघडे राहतात. ते पाहून ती जागी आहे असे समजू नये. कोणती भूल द्यावयाची हा निर्णय डॉक्टरांचा आहे. "वेदना होऊ नये म्हणून काय देणार?" एवढे विचारण्याचा हक्क मात्र आपला आहे.

वजन आणि मात्रा

तणनाशकाची मात्रा आपण हेक्टरवर ठरवितो, भुलीची मात्रा वजनावर ठरते. २ टक्के लिग्नोकेन एपिड्युरल पद्धतीने देताना दर ४.५ ते ५ किलो वजनास सुमारे १ मिलिलिटर असा सर्वसाधारण हिशेब असतो. म्हणजे १५ किलोच्या कुत्रीस ३ मिलिलिटरच्या आसपास. अंदाजाने २० किलो धरले, तर औषध तिसऱ्या हिश्शाने जास्त जाते. हा आकडा घरी वापरण्यासाठी नाही. कुत्रीचे वजन काट्यावर करण्याचा आग्रह आपण का धरावा, हे कळावे म्हणून तो दिला आहे. दवाखान्यात काटा नसेल तर गोणी तोलावयाच्या काट्यावर आपण कुत्रीला उचलून उभे राहावे आणि नंतर आपले वजन वजा करावे.

मालकाने करावयाची पूर्वतयारी

१) आदल्या रात्रीनंतर खाणे देऊ नये. मोठ्या कुत्रीचे पोट आठ ते बारा तास रिकामे असावे. पाणी सकाळपर्यंत चालेल. पोटात भाकरी असेल तर भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते आणि कुत्री दगावते. कुत्री मोकळी सोडली तर रात्री उकिरड्यावर खाऊन येईल, म्हणून तिला बांधून ठेवावे.

२) गोचीड असतील किंवा मागील काही आठवड्यांत ताप येऊन गेला असेल तर सांगावे. गोचीडतापात रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी होतात. अशा कुत्रीला कमरेत सुई दिल्यास आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि शस्त्रक्रियेतही रक्त थांबत नाही. आपल्या भागात गोचीड भरपूर आहेत, तेव्हा ही बाब क्षुल्लक समजू नये.

३) कमरेच्या जागी खरूज किंवा जखम असेल तर दाखवावी. तेथून सुई देता येत नाही.

४) शेवटचा माज केव्हा झाला, गाभण असण्याची शक्यता आहे का, पिल्ले पीत आहेत का, हे खरे सांगावे.

५) रेबीजची लस दिली नसेल तर ती केव्हा द्यावी हे डॉक्टरांना विचारून तारीख लिहून ठेवावी.

६) सर्वच पशुवैद्यकीय दवाखान्यांत पोटाच्या शस्त्रक्रियेची सोय नसते. आधी जाऊन चौकशी करावी. गुंतागुंतीच्या प्रकरणी मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. हे महाविद्यालय २००० मध्ये नागपूरचे पशुविज्ञान विद्यापीठ होईपर्यंत आपल्या कोकण कृषि विद्यापीठाचाच भाग होते.

घरी आणल्यावर

भुलीत शरीर थंड पडते. कुत्रीला कोरड्या जागी, गोणपाटावर ठेवावे आणि वरून जुने कापड घालावे. मागचे पाय पूर्ण ताब्यात येईपर्यंत तिला ओट्यावर, विहिरीजवळ किंवा दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नये. पूर्ण शुद्धीवर आल्यावर प्रथम थोडे पाणी आणि नंतर थोडे पातळ अन्न द्यावे. त्या दिवशी लघवी झाली का, ते पाहावे.

टाके चाटू देऊ नयेत. प्लॅस्टिकच्या लहान बादलीचा तळ कापून तिच्या कडा कापडाने गुंडाळाव्यात आणि ती गळ्यात अडकवावी, म्हणजे तोंड टाक्यांपर्यंत पोचत नाही. माश्या बसून जखमेत अळ्या पडू शकतात, म्हणून रोज दोनदा जखम पाहावी. आंघोळ आणि चिखल टाळावा. टाके साधारण दहा दिवसांनी काढतात. हळद, राख, जळके तेल किंवा पिकावरचे औषध जखमेवर लावू नये. माणसांची वेदनाशामक गोळीही देऊ नये, काही गोळ्या कुत्र्याला विषासमान असतात.

दुसऱ्या दिवशीही कुत्री मागच्या पायांवर उभी राहत नसेल, लघवी तुंबली असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा जखमेतून रक्त येत असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. कमरेवर कापलेले केस मात्र उशिरा येतात, त्याची काळजी करू नये.

गावाचा प्रश्न

एका घराने शस्त्रक्रिया केली तर त्या घराचा त्रास वाचेल. गावाने केली तर रेबीज आटोक्यात येईल. माणसाला होणाऱ्या रेबीजचे जवळजवळ सर्व रुग्ण कुत्र्याच्या चाव्यामुळे होतात आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही. गावातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस असेल तर हा रोग पसरण्याचे थांबतो. पण दर वर्षी नवीन पिल्लांची भर पडत राहिली तर हे प्रमाण टिकत नाही. यावर्षी लस दिलेली कुत्री मरतात आणि बिनलशीची पिल्ले त्यांची जागा घेतात. म्हणून लस आणि शस्त्रक्रिया ही बैलजोडी आहे, एकाच बैलाने नांगर ओढत नाही.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. तेथे २०१४ पासून घरोघरी आणि रस्तोरस्ती फिरून कुत्र्यांना लस देण्याची मोहीम चालली. २०१८ पासूनची तीन वर्षे तेथे माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मुंबई महानगरपालिकेनेही १९९४ पासून भटकी कुत्री मारण्याऐवजी त्यांच्या निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. केंद्र शासनाने २००१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये याविषयी नियम केले. त्यानुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ग्रामसभेत हा विषय मांडून तसा ठराव करून घ्यावा.

एक कळकळीची सूचना करतो. मांसात कीटकनाशक घालून कुत्री मारण्याचा प्रकार कोणी करू नये. तो गुन्हा तर आहेच, पण तेच मांस शेजाऱ्याची कोंबडी, मांजर किंवा अंगणातले मूलही उचलू शकते. शिवाय रिकामी झालेली जागा बाहेरून आलेली, बिनलशीची कुत्री लगेच भरून काढतात.

कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. हळद-चुन्यात वेळ घालवू नये. चावलेले जनावर लाळ गाळू लागले, गिळेनासे झाले, तर घशात काही अडकले असे समजून तोंडात हात घालू नये. पशुवैद्यकास बोलवावे.

थोडक्यात

कमरेतील भुलीने कुत्री कायमची लुळी पडत नाही. पाय काही तास सुन्न होतात आणि परत येतात. ही भूल एकटी पुरत नाही, तिच्यासोबत गुंगी आणि वेदनाशामक हवे. वजन, रिकामे पोट आणि गोचीडतापाची खरी माहिती या तीन गोष्टी मालकाच्या हाती आहेत. यातच निम्मे यश आहे. यंदा रोपे टाकण्यापूर्वी आपल्या दारातील कुत्रीला दवाखान्यात न्यावे आणि त्याच फेरीत रेबीजच्या लशीचीही व्यवस्था करावी. दहा दिवसांत ती पुन्हा आपल्या खळ्यावर राखणीला असेल.